मोटरहोमच्या मागे ओढलेल्या ट्रकचे ब्रेक तापतात, तेही फक्त परतीच्या प्रवासात. मदत हवी

वाळवंटी_कोकणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

आम्ही अ‍ॅरिझोनात फिनिक्सला असतो. तीन वर्षांपूर्वी सेकंड हँड मोटरहोम घेतली, ३७ फुटी, इंजिन मागे असतं ती डिझेलवाली. तिच्या मागे आमचा पिकअप ट्रक बांधून नेतो, चारही चाकं रस्त्यावर, ट्रेलर वगैरे काही नाही. याला इकडे फ्लॅट टोइंग म्हणतात. ट्रक फोर व्हील ड्राइव्ह आहे, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलला टाकायची सोय आहे, वजन ५,५०० पौंडाच्या आसपास, आणि मोटरहोमच्या हिचची (मागे गाडी जोडायच्या आकड्याची) क्षमता १०,००० पौंड त्यामुळे तो प्रश्न नाही.

ट्रकचे ब्रेक लागावेत म्हणून एक खोका मिळतो तो घेतलाय. (कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष त्यांचा आहे का माझा हेच माहीत नाही.) खोका ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा, पाठ सीटला टेकवायची आणि पुढच्या दांड्याचा चिमटा ब्रेक पेडलला लावायचा. आत छोटा कॉम्प्रेसर आणि वेग कमी झाला की ओळखणारा सेन्सर. मी पुढे ब्रेक मारला की खोका मागे पेडल दाबतो. मोटरहोमच्या डॅशवर एक लाल दिवा आहे, खोका काम करत असला की तो लागतो.

आता रड ऐका. गेल्या महिन्यात फ्लॅगस्टाफहून परत येत होतो. फ्लॅगस्टाफ ६,९०० फुटांवर, तिथून कॅम्प व्हर्डीपर्यंत मोठा उतार, मग परत चढ, आणि पुढे सनसेट पॉइंटचा रेस्ट एरिया. तिथे गाडी लावली आणि खाली उतरलो तर लायनर जळाल्याचा वास. आधी वाटलं शेजारच्या अठरा चाकी ट्रकचा असेल. मग आपल्या ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, लांबूनच धग लागली. पिस्तुलासारखा थर्मामीटर असतो तो मारला: पुढची चाकं ४१० आणि ३९५ डिग्री फॅरनहाइट, मागची ३००, २९०. मोटरहोमची सगळी चाकं दीडशेच्या आत. डॅशवरचा लाल दिवा अख्ख्या प्रवासात नेहमीसारखाच, ब्रेक मारला की लागायचा, सोडला की विझायचा.

तासभर थांबलो, पेडलचा चिमटा काढला आणि खोक्याशिवाय जीव मुठीत धरून ब्लॅक कॅन्यन सिटीचा उतार उतरलो.

हे तिसऱ्यांदा झालंय. आणि खरी गंमत ही, की जाताना कधीच होत नाही. येतानाच होतं. कुणी हे निस्तरलंय का?

---

बोरघाटी

पहिला! उत्तर माहीत नाही, रुमाल टाकून ठेवतो.

---

पेठेतला_पाहुणा

म्हणजे सोप्या मराठीत टोचन. आमच्याकडे टोचन करताना मागच्या गाडीत एक माणूस बसवतात, त्याला "दोरी ढिली पडू देऊ नको रे" एवढंच सांगतात आणि पुढचा सुसाट सुटतो. माणूस बसवा, खोका विका.

---

टेक्सासकर

आठ वर्षं ओढतोय, मागे छोटी जीप, कधी खोका लावला नाही. तीस हजार पौंडाच्या गाडीला मागच्या चार पाच हजाराचं काय? माशी बसल्यासारखं. हे सगळं विकायचे धंदे आहेत. काढून टाका आणि मजेत फिरा.

---

अश्विनी_डेन्व्हर

@टेक्सासकर, तुमच्याकडे टेकडी म्हणजे फ्लायओव्हर. आमच्या आय-७० महामार्गावर या एकदा, आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि बाहेर पडलं की सहा सात टक्क्यांचा उतार, सुटलेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प उगाच नाही बांधलेत. शिवाय बऱ्याच राज्यांत ठराविक वजनापुढे ओढलेल्या गाडीला ब्रेक असावेच लागतात आणि टो बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) तुटला तर ती आपोआप थांबायला हवी. मोटरहोमचे ब्रेक मोटरहोमच्या वजनासाठी बनवलेले असतात, शेपटीसाठी नाही.

धागाकर्ते, तुमच्या डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) असणारच. काही मोटरहोममध्ये एक्झॉस्ट ब्रेक लागला की मागचे ब्रेक लाइटही लागतात. खोक्याला वाटतं तुम्ही ब्रेक मारलाय, वर सेन्सरलाही वेग कमी होताना दिसतो, मग तो उतारभर पेडल दाबून बसतो. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. खोक्याची संवेदनशीलता कमी केली, झालं. उतार येताना आहे म्हणून येतानाच होतंय, यात गूढ काय?

---

वाळवंटी_कोकणी

@अश्विनी, हे पटण्यासारखं आहे. उद्याच बघतो.

@पेठेतला_पाहुणा, ओढलेल्या गाडीत माणूस बसवणं धोक्याचं आहे. शिवाय बसणार कोण?

---

मंजुळा_ताई

वाचतेय. यातलं ओ की ठो कळत नाही पण वास येतो तो भाग भारी लिहिलाय. आमचे हे पण हँडब्रेक न काढता गाडी चालवतात तेव्हा अगदी तसाच वास येतो.

---

घाटवळण

अश्विनीताईंचं निदान चांगलं आहे पण इथे लागू पडत नाही. धागा परत वाचा. हे गृहस्थ कॅम्प व्हर्डीचा उतार उतरल्यावर *चढ* चढून सनसेट पॉइंटला आलेत. चढावर एक्झॉस्ट ब्रेकचा संबंध नाही, कोणी ब्रेकला पायही लावत नाही. उतारावर तापलेली चाकं त्या चढात वाऱ्यानं निवायला हवी होती. चढून आल्यावर ४०० डिग्री म्हणजे ब्रेक *लागत* नाहीयेत, *सुटत* नाहीयेत. दोन्हीत फरक आहे.

मी ओहायोत ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काढली, त्याआधी नाशिकला. आमची पद्धत सांगतो. कुठली चाकं गरम ते आधी बघायचं. एकच चाक गरम असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनवर अडकलाय किंवा रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून सुजून बंद झालाय. मागची दोनच असतील तर हँडब्रेक एक दोन दात ओढलेला राहिलाय. चारही असतील तर दोष चाकांत नाही, वर आहे, पेडल किंवा मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो). तुमची चारही आहेत. पुढची जास्त, कारण पुढचे ब्रेक नेहमी जास्त काम करतात.

पुढच्या वेळी झालं की तिथेच, सगळं तसंच ठेवून, जॅकवर एक चाक उचला आणि हातानं फिरवा. फिरत नसेल तर थंड झाल्यावर त्या चाकाचा ब्लीडर स्क्रू (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा) अर्धा आटा सैल करा. थेंबभर ब्रेक ऑइल चिरकलं आणि चाक सुटलं, तर लाइनीत दाब अडकलाय. ऑइल आलं तरी चाक तसंच, तर मामला मेकॅनिकल. एवढ्यानं अर्धं निदान होतं. स्क्रू परत आवळायला विसरू नका. (हे लिहावं लागतं, अनुभव आहे.)

---

गणिताचे_सर

टेक्सासकरांच्या माशीबद्दल थोडंसं. २,५०० किलोचा ट्रक फ्लॅगस्टाफहून कॅम्प व्हर्डीला उतरतो म्हणजे ढोबळ ३,८०० फूट, ११६० मीटर. गुणिले ९.८. येतात २८४ लाख ज्यूल, म्हणजे जवळपास ८ युनिट वीज. यातलं काही हवा आणि टायर खातात, उरलेलं कुठल्यातरी ब्रेकमध्ये किंवा इंजिनात उष्णता होऊन जाणार. माशी बरीच जड आहे.

---

टेक्सासकर

सर, माझी जीप ४,००० पौंडाची आहे.

---

गणिताचे_सर

मग पावणेसहा युनिट. बिल पाठवू का?

---

बंडूनाना

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

आमचा किस्सा. ब्रेकअवेची केबल असते ना, टो बार तुटला तर पिन उपटली जाते आणि मागच्या गाडीचे ब्रेक फुल्ल लागतात. आम्ही ती बांधली होती आखूड. न्यू मेक्सिकोत एका पेट्रोल पंपावर अगदी लहान वळण घेतलं, पिन निघाली. मला पुढे कळायला काही मार्ग नाही, वाटलं गाडी जरा जड झाली. मागून एक म्हातारा पिकअपवाला हॉर्न मारतोय, मी त्याला हात दाखवतोय, तो आपला मारतोयच. पाऊण मैल गेल्यावर आरशात धूर दिसला. चारही टायर एका जागी चपटे, पूर्णपोळीला तवा लागल्यासारखे. चार नवीन टायर. म्हाताऱ्याला कॉफी पाजली.

आणि हो, त्याच पंपावर आधी रिव्हर्स घ्यायचा प्रयत्न केला होता. फ्लॅट टोइंगमध्ये रिव्हर्स घेता येत नाही हे मला बायकोनं आधीच सांगितलं होतं.

---

शुद्धलेखन_मास्तर

पूर्णपोळी नव्हे, पुरणपोळी. बाकी चालू द्या.

---

वाळवंटी_कोकणी

अपडेट देतो.

१. एक्झॉस्ट ब्रेक तपासला. तो लागल्यावर आमच्या गाडीचे ब्रेक लाइट लागत नाहीत. मुलाला मागे उभं करून बघितलं.

२. घाटवळण काका, घरी ट्रक खोक्यासकट जोडला, चारही चाकं उचलून फिरवली. लोण्यासारखी फिरली. खोक्याला पाच सहा वेळा ब्रेक मारायला लावला, प्रत्येक वेळी पूर्ण सुटला.

३. गेल्या शनिवारी मी एकटाच प्रेस्कॉटला जाऊन आलो, मुद्दाम. जाताना ठीक, येतानाही ठीक. सनसेट पॉइंटला थांबून मोजलं, चारही चाकं १५० च्या आत.

आता डोकं चालेना.

---

पेठेतला_पाहुणा

एकटा गेलो तर ठीक, बायको असली की ब्रेक लागतात. अहो ही समस्या आमच्या पेठेत घरोघरी आहे, त्यासाठी मोटरहोम लागत नाही.

(दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

मंजुळा_ताई

दिवा घेतला, आता तोच तुमच्या डोक्यावर ठेवते.

---

अश्विनी_डेन्व्हर

+१ ताई. @धागाकर्ते, बायकोचं वजन धरलं होतं का हेही आता कोणीतरी विचारेल, त्याआधी सांगते की वजनाचा संबंध नाही. पण एकट्यानं जाण्यात *काय वेगळं केलं* हा प्रश्न खरा आहे. सामान? जोडणीचा क्रम? निघायची वेळ?

---

बोरघाटी

माझं एक मत. उंची. फ्लॅगस्टाफला हवा विरळ, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम कमी, त्यामुळे काहीतरी.

---

घाटवळण

उंचीवर व्हॅक्यूमची ताकद कमी होते हे खरं, पण त्यानं ब्रेक कमी लागतील, चिकटणार नाहीत. शिवाय ओढताना ट्रकचं इंजिनच बंद असतं. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणूनच खोका बसवण्यापूर्वी पेडल पाच सहा वेळा पंप करून व्हॅक्यूम काढून टाकायचा असतो. नाही काढला तर खोक्याची सेटिंग मऊ पेडलवर होते, मग रस्त्यावर कधी जास्त कधी कमी. हे करता ना?

दुसरं. डॅशवरच्या लाल दिव्याची वायर कुठून आलीय? खोक्यातून, का ट्रकच्या ब्रेक लाइटच्या स्विचवरून?

तिसरं. ट्रकचे स्वतःचे ब्रेक लाइट ओढताना चालू असतात का?

---

अवांतर_आबा

घाटांचा विषय निघालाच आहे तर. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, खंबाटकी आणि कुंभार्ली. ते म्हणायचे चढाला जो गिअर, उताराला तोच गिअर. न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्याला ते शिव्या घालायचे त्या इथे लिहिता येणार नाहीत. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे महाभाग होते तेव्हा, आणि इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, चार वेळा ब्रेक मारला की टाकीतली हवा खल्लास. एकदा पोफळीच्या बाजूला

(पुढचं संध्याकाळी लिहितो, लाइट गेली.)

---

वाळवंटी_कोकणी

काका, उत्तरं. पेडल पंप करतो, प्रत्येक वेळी, मोजून सहा वेळा. दिव्याची वायर खोक्यातून आलीय. ट्रकचे स्वतःचे ब्रेक लाइट ओढताना बंद असतात, कारण मागचे दिवे मोटरहोमच्या केबलवर चालतात. आधी असं व्हायचं की खोक्यानं पेडल दाबलं की ट्रकचे ब्रेक लाइट लागायचे आणि इंडिकेटर लुकलुकायच्याऐवजी नुसताच पेटून राहायचा, म्हणून वर्कशॉपवाल्यानं एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) टाकून ट्रकच्या ब्रेक लाइटचा स्विच तोडून दिला.

---

घाटवळण

वर्कशॉपवाल्याचं चुकलं नाही, तसंच करतात. पण त्यामुळे तुम्ही आंधळे झालात. पेडल जर *दुसऱ्या कशामुळे* थोडंसं दाबलेलं राहिलं तर खोक्याला पत्ता नाही, त्यामुळे डॅशवरचा दिवा लागणार नाही. ट्रकचे ब्रेक लाइट तोडलेत, त्यामुळे मागून येणाऱ्यालाही दिसणार नाही.

आणि थोडंसं पुरतं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, टाचणीच्या जाडीचं. पेडल पूर्ण सुटलं की ते उघडतं आणि लाइनीतलं जास्तीचं ऑइल वरच्या डबीत परत जातं. पेडल थोडं जरी दाबलेलं राहिलं की ते भोक झाकलेलं. सुरुवातीला पॅड डिस्कला नुसते चाटतात, तुम्हाला पुढे काही कळत नाही. चाटून चाटून तापतात, ऑइल तापतं, तापलं की फुगतं, परत जायला वाट नाही, मग पॅड आणखी जोरात दाबतात, आणखी तापतं. वीस तीस मैलांत हे रामायण होतं. घरच्या अंगणात दहा मिनिटं चाक फिरवून ते दिसायचं नाही.

सनसेट पॉइंटला तुम्ही चिमटा काढलात तेव्हा पेडल वर आलं का? जरासंही?

---

वाळवंटी_कोकणी

आता तुम्ही विचारताय म्हणून आठवतंय, चिमटा निघेचना. लाथ घालून काढला. मला वाटलं गरम होऊन फुगलाय.

डिझेलचंही बघितलं. नेहमी गॅलनला आठ मैल देते, त्या तिन्ही परतींना साडेसहा. वारा असेल म्हणून सोडून दिलं होतं.

---

बंडूनाना

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मला वाटतं पायपुसणं. खोक्याखाली पायपुसणं गोळा झालं असणार.

---

अश्विनी_डेन्व्हर

पायपुसणं बायको असताना गोळा होतं आणि एकटं असताना होत नाही का?

---

हापूसवाली

नमस्कार. मी धागाकर्त्यांची बायको. आजच आयडी काढलाय. धाग्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, जेवताना फोन बघून एकटेच हसत होते म्हणून मागून डोकावले. पेठेतल्या पाहुण्यांचा प्रतिसाद वाचला, सावकाश बघू.

तर असं आहे. घरून निघताना मी दार लावून थेट मोटरहोममध्ये बसते, ट्रककडे फिरकत नाही. परत निघताना मात्र कूलर, ओले टॉवेल, कुत्र्याची चटई असला सगळा पसारा मी ट्रकच्या मागच्या सीटवर टाकते, मोटरहोममध्ये वास नको म्हणून. तोवर यांची जोडणी झालेली असते आणि यांची चावी ट्रकलाच लावलेली असते, स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून ती तिथेच राहते, दारं लॉक करून. म्हणून मी *माझ्या* पर्समधल्या चावीनं ट्रक उघडते.

काल सकाळी यांना म्हटलं, ड्राइव्हवेत खोका लावा बघू नेहमीसारखा. लावला, पेडल पंप केलं, दार लॉक केलं. मग म्हटलं आता गप उभे राहा आणि ऐका. माझ्या चावीचं बटण दाबलं, दार उघडलं.

घूंऽऽऽ.

ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे यायला लागली. आमच्या ट्रकच्या सीटला मेमरी आहे, एक नंबर यांची चावी, दोन नंबर माझी. हे सहा फूट, मी पाच फूट एक. सीट सरकत सरकत आली, खोक्याच्या पाठीला टेकली, त्याला तसंच पुढे ढकललं, मोटर जरा कण्हली आणि थांबली. मी वाकून पेडलजवळ बोट घातलं. दोन बोटं आत गेलेलं. खोक्यानं काहीच केलेलं नव्हतं बिचाऱ्यानं, सीटनंच त्याला पेडलवर रेटलं होतं.

यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग म्हणतात, तरीच उतरवताना सीट पुढे असायची, मला वाटायचं तू चालवली होतीस म्हणून.

---

मंजुळा_ताई

साष्टांग _/\_

---

बोरघाटी

काय शोधलंय! मी उंचीचं मत मागे घेतो.

---

पेठेतला_पाहुणा

वहिनी, मीही मागे घेतो. म्हणजे बायको असली की ब्रेक लागतात हे तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झालंय तरी मागे घेतो.

---

घाटवळण

वहिनी, २२ वर्षांत मी कॅलिपर, होज, बूस्टर सगळं काढलंय, चावीमुळे ब्रेक चिकटलेले पहिल्यांदा ऐकतोय. व्हॅक्यूम आधीच काढलेला होता म्हणून पेडल कडक आणि सीटची मोटर अर्ध्यात थांबली. बूस्टरमध्ये जोर असता तर चाकं जाग्यावर जाम झाली असती आणि तुम्हाला कॅम्पग्राउंडच्या दारातच कळलं असतं. काही ट्रकांत तर पेडलही मेमरीवर पुढेमागे सरकतात, ते असेल तर आणखी घोटाळा.

आता दोन कामं. ट्रकच्या मेनूमध्ये जाऊन रिमोटवर सीट हलण्याची सोय बंद करा, चढता उतरता सीट मागे होण्याची वेगळी सोय असते तीही. आणि लाल दिव्याची वायर खोक्यातून काढून पेडलच्या स्विचवर घ्या, रिलेच्या अलीकडून. म्हणजे पेडल कशानंही दाबलं, सीटनं, पायपुसण्यानं, कुत्र्यानं, तरी पुढे दिवा लागेल.

ब्रेक ऑइल मात्र पूर्ण बदला. डॉट ३ नवीन असताना २०५ सेल्सिअसला उकळतं, पण ते हवेतलं पाणी पितं आणि मुरलं की १४० लाच उकळायला लागतं. तुमच्या डिस्क ४०० फॅरनहाइट म्हणजे २०० च्या वर सेल्सिअसला होत्या, तेही तीनदा. पॅड काढून बघा, काचेसारखे चमकत असतील तर फेका.

---

बंडूनाना

पायपुसण्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार काका.

---

अवांतर_आबा

लाइट आली. तर पोफळीच्या बाजूला मामांची गाडी... अरे, धागा संपला का?

---

अश्विनी_डेन्व्हर

आबा, वेगळा धागा काढा, तो किस्सा मला पूर्ण हवाय.

---

नवशिक्या_न्यूजर्सी

उशिरा आलो. मी याच वर्षीचा नवीन ट्रक घेतलाय, त्याच्या मागे लागायच्या आधी विचारतो. हाच खोका चालेल का? विक्रेता म्हणतो सगळ्याला चालतो.

---

घाटवळण

विक्रेता काय म्हणतो ते सोडा. आधी ट्रकचं मॅन्युअल उघडा, चारही चाकांवर ओढायला परवानगी आहे का ते बघा. नसेल तर विषय संपला, गिअरबॉक्स जाईल. असेल तर पुढे, ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमचा आहे का इलेक्ट्रिक. बऱ्याच नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक असतो, तो इंजिन बंद असतानाही वीज मिळाली की जागा होतो. कडक पेडलसाठी सेट केलेल्या खोक्यानं त्याला तोच जोर दिला तर गाडी चाकं जाम करेल. अशा गाड्यांसाठी खोक्याला कमी जोराची वेगळी सेटिंग असते, ती आहे का विचारा. आणि मोटरहोममधून ट्रकच्या बॅटरीला चार्जिंगची वायर घ्या, नाहीतर खोका दिवसभर बॅटरी खातो आणि संध्याकाळी घाटात ब्रेकच नसतात.

---

टेक्सासकर

नवशिक्या, जीप घे.

---

वाळवंटी_कोकणी

शेवटचा अपडेट. परवा फ्लॅगस्टाफहून आलो, दोघं, कूलर टॉवेल चटईसकट, बायकोनं तिच्याच चावीनं ट्रक उघडला, मुद्दाम. सनसेट पॉइंटला मोजलं: १३८, १४१, १२६, १२९. पॅड खरंच काचेसारखे झाले होते, बदलले. जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढलं तर कोऱ्या चहासारखं. दिव्याची वायर हलवली. डिझेल परत आठावर.

ट्रकची सीट आता आपोआप हलत नाही. त्यामुळे ज्यानं शेवटचा चालवला त्याची सीट तशीच राहते, आणि परवापासून मी ट्रकमध्ये बसताना गुडघे स्टिअरिंगवर आपटतोय.

---

हापूसवाली

बटण आहे दाराला. नंबर एक. हातानं दाबायचं.